संगणक-खेळांतील चित्राची चौकट

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या दिवाळींत माझा भाचा सहकुटुंब आमच्या घरीं आला होता. आतां त्याची चाळिशी उलटली आहे. परंतु शाळेंत असतांना ज्या संगणक-खेळांनीं त्याला वेड लावलें होतें त्यांचें प्रेम अद्यापि कमी झालेलें नाहीं. त्यांपैकीं एक खेळ त्यानें कोठूनसा पुन्हां मिळविला होता, आणि आपल्या मुलीला तो दाखवावा म्हणून आमच्या दिवाणखान्यांतील नव्या रुंद पडद्यावर त्यानें तो मोठ्या हौसेनें लावला. खेळाचें पहिलेंच दृश्य रात्रीचें होतें. मुलीनें क्षणभर पाहिलें आणि विचारलें, "बाबा, तुमच्या वेळचा चंद्र असा चपटा होता का?" भाचा म्हणाला, "नाहीं ग, चांगला वाटोळा होता." मुलीचा अर्थातच विश्वास बसला नाहीं, कारण पडद्यावर तर आडवें अंडें दिसत होतें. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच सांगा."

मीं तिला काय सांगितलें तें शेवटीं येईलच. परंतु त्या प्रसंगानें एक गोष्ट माझ्या मनांत पक्की बसली. खेळाच्या मूळ आज्ञावलींत एका अक्षराचाहि फरक झालेला नव्हता. चित्रकारानें जितके ठिपके जेथें ठेवले होते तितके ते तेथेंच होते. तरीहि चित्र खोटें झालें होतें. बदलली होती ती केवळ चौकट. आणि या चौकटीचा इतिहास वाटतो त्याहून जुना व पुष्कळ बोधप्रद आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक म्हणजे चित्राच्या रुंदीचें उंचीशीं असलेलें प्रमाण, आणि दुसरी म्हणजे तें चित्र जितक्या बिंदूंचें बनलें आहे त्यांची संख्या. पहिलीला इंग्रजीवरून ‘अॅस्पेक्ट रेशो’ व दुसरीला ‘रेझोल्यूशन’ म्हणतात; एकेका बिंदूला ‘पिक्सेल’ हें नांव आहे. ज्यांनीं ठिपक्यांची रांगोळी घातली आहे त्यांना हा भेद ताबडतोब समजेल. एका ओळींत ठिपके किती व एकंदर ओळी किती, हा एक प्रश्न झाला. दोन ठिपक्यांमध्यें आणि दोन ओळींमध्यें अंतर किती ठेवावयाचें, हा दुसरा. ठिपके तितकेच ठेवून ओळींमधील अंतर मात्र वाढविलें तर तेंच कमळ उभट होतें, आणि कमी केलें तर पसरट होतें. रांगोळीच्या वहींत ठिपक्यांची संख्या लिहिलेली असते. अंतर सारखें ठेवावयाचें हें मात्र कोणी लिहीत नाहीं, तें गृहीत धरलेलें असतें. संगणक-खेळांच्या बाबतींत सारा घोटाळा झाला तो असल्याच एका न लिहिलेल्या गोष्टीमुळें.

चौकटीची हकीकत संगणकाच्या फार पूर्वीं सुरू होते. १८९२ च्या सुमारास अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, एडिसनच्या प्रयोगशाळेंत, डिक्सन नांवाचा त्याचा सहायक चलच्चित्राच्या यंत्रावर काम करीत होता. ईस्टमनच्या कारखान्यांतील रुंद फिल्म उभी चिरून त्यानें ३५ मिलिमीटरची पट्टी केली, तिच्या दोन्ही कडांना भोकें पाडलीं, आणि चार भोकांच्या उंचीचें एक चित्र असें माप धरलें. त्यामुळें चित्र सुमारें एक इंच रुंद व पाऊण इंच उंच झालें. म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. हेंच माप पुढें जगभर पसरलें. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून जो कॅमेरा आणला त्यांत हीच पट्टी फिरत होती, आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच चौकटींत उभा राहिला. बोलपट आले तेव्हां ध्वनीसाठीं पट्टीची एक कड द्यावी लागली व चित्र जवळजवळ चौरस होऊं लागलें. परंतु १९३२ मध्यें अमेरिकन अॅकॅडमीनें नवें माप ठरवून प्रमाण पुन्हां पूर्वींच्या जवळ आणलें. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहतांना आपण ज्या चौकटींतून इंद्रायणीकांठ पाहतों, ती हीच.

दूरचित्रवाणी आली तेव्हां तिनें चित्रपटाचेंच माप उचललें. अमेरिकेनें १९४१ मध्यें ५२५ रेषांची पद्धति ठरवितांना चारास तीन हें प्रमाण घेतलें. ब्रिटनमध्यें बी. बी. सी. च्या ४०५ रेषांच्या चित्राची चौकट आरंभीं पांचास चार होती; १९५० मध्यें तीहि चारास तीन झाली. अशा रीतीनें एका प्रयोगशाळेंत भोकें मोजून ठरविलेलें माप साठ वर्षांच्या आंत जगांतील बहुतेक सर्व हलत्या चित्रांचें माप होऊन बसलें.

आश्चर्य असें कीं, पहिले खेळ मात्र या चौकटींत जन्मले नाहींत. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठीं, टेनिसचा एक खेळ रचला. तो दिसत असे ऑसिलोस्कोप नांवाच्या यंत्रावर. आणि त्याचा पडदा पांच इंच व्यासाचा, बशीसारखा वाटोळा होता. पुढें १९६२ मध्यें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनीं ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ पीडीपी-१ या संगणकावर तयार केला. त्याच्याहि नळीचें तोंड वाटोळेंच होतें, आणि त्यावर आडवीं १०२४ व उभीं १०२४ अशा स्थानांपैकीं कोठेंहि प्रकाशाचा बिंदु उमटवितां येत असे. येथें रुंदी व उंची समान होती. चारास तीन हें प्रमाण खेळाच्या स्वभावांतच आहे असें समजणाऱ्यानें या दोन वाटोळ्या पडद्यांची आठवण ठेवावी.

खेळ घरांत शिरला तो दूरचित्रवाणीच्या दारानें. १९७२ मध्यें मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ‘ओडिसी’ नांवाची पेटी विकावयास काढली. ती घरच्या संचाला जोडावयाची. आणि तिला मैदान, रस्ते अशीं चित्रें रेखाटण्याची शक्ति नसल्यामुळें रंगीत पारदर्शक कागद पडद्यावर चिकटवावयाचे. लोकांचे संच लहानमोठे असत, म्हणून हे कागदहि दोन मापांचे दिलेले असत. पडदा घरोघर निराळा असतो आणि खेळ तर एकच असतो, ही अडचण अशी पहिल्या दिवसापासूनच उभी होती. तिचीं रूपें पुढें बदललीं; परंतु अडचण आजतागायत तीच आहे.

नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांत ही अडचण नव्हती, कारण तेथें पडदा व खेळ एकाच पेटींत विकले जात. त्यामुळें रचनाकाराला खेळाच्या गरजेप्रमाणें चौकट ठरवितां येई. १९७८ मध्यें जपानांतील ताइतो कंपनीच्या निशिकादो यांनीं ‘स्पेस इनव्हेडर्स’ रचला तेव्हां शत्रु वरून खालीं उतरावयाचे होते. म्हणून पडदा उभा बसविला गेला, रुंदींत २२४ व उंचींत २५६ बिंदु. अकरा-अकरांच्या पांच रांगा, म्हणजे पंचावन्न शत्रु, हळूहळू खालीं सरकत येत. आणि खेळणाऱ्याला जें भय वाटे तें पुष्कळसें त्या उंचीमुळेंच वाटे. १९८० चा ‘पॅक-मॅन’ हाहि असाच उभा, २२४ बिंदु रुंद व २८८ उंच.

हे खेळ घरच्या आडव्या पडद्यावर आणतांना काय झालें पाहा. १९८० मध्यें अटारी कंपनीनें आपल्या घरगुती यंत्रासाठीं ‘स्पेस इनव्हेडर्स’ काढला, त्यांत सहा-सहांच्या सहा रांगा, म्हणजे अवघे छत्तीस शत्रु उरले. १९८२ मध्यें ‘पॅक-मॅन’ आला, त्यांत मूळ खेळांत डाव्या-उजव्या बाजूंना असलेलीं भुयारें वर आणि खालीं गेलीं. यंत्राची शक्ति तोकडी होती, हें या फेरबदलांचें एक मोठें कारण. परंतु उभें चित्र आडव्या चौकटींत कोंबावयाचें, ही दुसरी सक्ति तिच्या जोडीला होतीच. लाखों मुलांना ‘पॅक-मॅन’ म्हणून जें ठाऊक झालें तें हें रूपांतर.

शिवाय दूरचित्रवाणीच्या पद्धति देशोदेशीं निराळ्या होत्या. जपान व अमेरिका येथें ५२५ रेषा व सेकंदाला ६० फेरे. युरोपांत पुष्कळ ठिकाणीं पाल नांवाची पद्धति, तींत ६२५ रेषा व ५० फेरे. आपल्या देशांत १९८२ मध्यें रंगीत प्रक्षेपण सुरू झालें तेंहि पाल पद्धतीचेंच. खेळ बहुधा जपानांत तयार होत, आणि त्यांचा वेग पडद्याच्या फेऱ्यांवर बेतलेला असे. तेच खेळ पाल पद्धतीच्या संचांसाठीं पुरेशी दुरुस्ती न करतां काढले गेले म्हणजे दोन गोष्टी घडत : फेरे कमी झाल्यामुळें खेळ एक षष्ठांशानें मंद चाले, आणि रेषा जास्त असल्यामुळें चित्र आंखूड पडून वरखालीं काळे पट्टे राहत. ज्यांनीं ते खेळ तसेच पाहिले, त्यांच्या दृष्टीनें तोच त्यांचा खरा वेग व तेंच त्यांचें खरें रूप होतें. तुलनेला दुसरें कांहीं समोर नव्हतेंच.

आतां ज्या चपट्या चंद्रापासून आपण निघालों त्याकडे वळूं. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ मध्यें आपला छोटा संगणक काढला. त्याचें चित्र घरच्या दूरचित्रवाणीवरहि दिसावें अशी योजना असल्यामुळें, त्या रेषांच्या हिशेबांत बसतील अशा २०० ओळी त्यांत ठेवलेल्या होत्या. आणि रंगीत चित्रासाठीं एका ओळींत ३२० बिंदु. रंग एका वेळीं चारच. १९८७ मध्यें त्याच कंपनीनें व्ही. जी. ए. ही नवी व्यवस्था आणली, तेव्हां ६४० बिंदु व ४८० ओळींचें चित्र शक्य झालें. ६४० व ४८० यांचें प्रमाण बरोबर चारास तीन असल्यामुळें त्यांतील प्रत्येक बिंदु चौरस होता. मात्र तेथें रंग सोळाच मिळत. याच व्यवस्थेंत ३२० बिंदु व २०० ओळींची दुसरी एक तऱ्हा होती, आणि तिच्यांत एकदम २५६ रंग वापरतां येत. खेळ करणाऱ्यांनीं साहजिकच रंगांची बाजू घेतली.

या पसंतीला आणखी एक सबळ कारण होतें. २५६ रंगांपैकीं एक रंग नोंदावयास स्मरणशक्तीचा एक घटक, म्हणजे एक बाइट, लागतो. ३२० ला २०० नें गुणलें म्हणजे ६४,००० होतात. त्या काळच्या संगणकांत स्मरणशक्तीचा जो भाग एका दमांत हातीं लागत असे, तो ६५,५३६ बाइटांचा होता. म्हणजे चित्र त्यांत नेमकें मावे. ओळी २४० केल्या असत्या तर बिंदु चौरस झाले असते, परंतु ७६,८०० बाइट लागून चित्र त्या कप्प्याबाहेर गेलें असतें. मायकेल अॅब्रॅश या तज्ज्ञानें १९९१ मध्यें ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ मधून २४० ओळींची एक युक्ति प्रसिद्ध केली. कांहीं खेळांनीं ती घेतलीहि. परंतु ती अवघड होती, आणि बहुतेकांनीं सरळ मार्गच पत्करला.

आतां ३२० व २०० यांचें प्रमाण आठास पांच आहे, चारास तीन नव्हे. पण पडदा तर चारास तीनच होता. तेव्हां कांचेच्या नळीच्या त्या पडद्यानें काय करावें? त्यानें ओळींमधील अंतर वाढवून २०० ओळींत सारी उंची भरून काढली. रांगोळीचें उदाहरण येथें तंतोतंत लागू पडतें. प्रत्येक बिंदु जितका रुंद त्याच्या सव्वापटीहून किंचित कमी, नेमकें सांगावयाचें तर एकास एकपूर्णांक दोन दशांश, इतका उंच झाला. म्हणून पडद्यावर वाटोळा चंद्र दिसावयास हवा असेल, तर चित्रकारानें तो १२० बिंदु रुंद व १०० बिंदु उंच काढला पाहिजे. पुष्कळ चित्रकारांनीं तसें केलेंहि. त्यांनीं हिशेब कागदावर मांडला नसेल. ते पडद्याकडे पाहत, आणि चंद्र वाटोळा दिसेपर्यंत ठिपके हलवीत. पडदा कसा आहे हें त्यांनीं लिहून ठेवलें नाहीं, कारण प्रत्येकाच्या टेबलावर तसाच पडदा होता. १९९३ च्या डिसेंबरांत निघालेला ‘डूम’ हा गाजलेला खेळहि याच ३२० व २०० च्या चौकटींतला. अशा चित्रांचे बिंदु आज चौरस धरून दाखविले, तर तीं एक षष्ठांशानें बुटकीं होतात. आणि रुंद पडदा भरेपर्यंत ताणलीं, तर मूळच्याहून एक तृतीयांशानें रुंद होतात. आमच्या घरीं घडलें तें हें दुसरें.

पडदे रुंद झाले कसे? त्याचें मूळहि चित्रपटांतच आहे. अमेरिकेंत दूरचित्रवाणी घरोघर झाल्यावर प्रेक्षक थिएटरांकडे पाठ फिरवूं लागले. घरच्या पेटींत जें मिळणार नाहीं असें कांहीं दाखवावें, म्हणून १९५३ मध्यें ‘द रोब’ या चित्रपटानें सिनेमास्कोपची प्रचंड रुंद चौकट लोकांपुढें ठेवली. आपल्याकडे गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. पुढें १९८० नंतर उच्च प्रतीच्या दूरचित्रवाणीचें माप ठरविण्याचा प्रश्न आला, तेव्हां कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानें एक सुबोध रीत काढली. प्रचारांतील निरनिराळ्या प्रमाणांचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत त्यानें एकमेकांवर मध्य जुळवून ठेवले. त्या सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि त्या सर्वांत समान असलेला आंतला आयत, हे दोन्ही सुमारें सोळास नऊ या प्रमाणाचे भरले. म्हणजे या चौकटींत जुनें चित्र दाखविलें तर बाजूंना थोडी जागा सुटेल, फार रुंद चित्र दाखविलें तर वरखालीं थोडी सुटेल. कोणाचेंच फार नुकसान होणार नाहीं. सोळास नऊ ही अशी मध्यस्थाची चौकट आहे. काळे पट्टे राहतील हें तींत आरंभापासून धरलेलें होतें.

संगणकाचे पडदे बराच काळ या वाटेला गेले नाहींत. चारास तीन, मग सपाट पडद्यांतील १२८० व १०२४ चा पांचास चार, मग सोळास दहा, असा त्यांचा प्रवास झाला. आणि २०१० च्या आगेमागें दूरचित्रवाणी व संगणक यांची चौकट बहुतांशीं एकच, सोळास नऊ, झाली. याबरोबर आणखी एक बदल घडला. कांचेच्या नळीला ठराविक बिंदु नसत. मिळेल तितक्या ओळी ती पसरून दाखवी. सपाट पडद्याचे बिंदु मात्र कारखान्यांतच कायमचे ठरलेले असतात. त्यामुळें कमी बिंदूंचें चित्र त्यावर दाखवावयाचें म्हणजे कोणी तरी हिशेब करून तें मोठें करावें लागतें; आणि हिशेब करणारा मूळची बोली विसरला कीं चंद्राचें अंडें होतें.

येथपर्यंत केवळ दिसण्याचा प्रश्न होता. परंतु खेळ हा नुसता पाहावयाचा नसतो. त्यांत हारजीत असते. कोणाला किती दिसावें, हा तेथें न्यायाचा प्रश्न होतो. २००७ मध्यें ‘बायोशॉक’ नांवाचा खेळ निघाला. रुंद पडदा घेतलेल्या लोकांची अपेक्षा अशी कीं, आपल्याला बाजूंचें अधिक दिसेल. प्रत्यक्षांत बाजूंचें तितकेंच दिसे, आणि वरखालचें मात्र जुन्या पडद्यावाल्यांपेक्षां कमी दिसे. मोठी ओरड झाली. रचनाकारांचें म्हणणें असें कीं, आम्हीं दृश्य रुंद पडद्यासाठींच योजलें. जुन्या पडद्यावाल्यांना काळे पट्टे नकोत म्हणून वरखालीं थोडें जास्त दिलें. विचार केला तर दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरे होते. एकाला वाटत होतें आपलें कापलें, दुसऱ्याला वाटत होतें आपण दिलें. चित्र एकच होतें. पुढें दुरुस्ती काढून निवड खेळणाऱ्यावर सोपविण्यांत आली.

याहून मार्मिक उदाहरण ‘डायब्लो’ या खेळाच्या दुसऱ्या भागाचें आहे. २००० सालीं तो निघाला तेव्हां त्याचें चित्र ६४० बिंदु व ४८० ओळींचें होतें. पुढच्याच वर्षीं पुरवणी निघाली, तिनें ८०० व ६०० ची सोय केली; परंतु चित्र अधिक रेखीव न होतां त्यांत अधिक प्रदेश दिसूं लागला, म्हणजे शत्रु अगोदरच दृष्टीस पडूं लागले. वीस वर्षांनीं, २०२१ मध्यें, त्याच खेळाची नवी आवृत्ति निघाली. अलीकडे कांहीं लोकांकडे एकवीसास नऊ इतके लांबट पडदे असतात. ते भरून दाखवावे असा प्रयत्न झाला. तेव्हां निराळेंच उघडकीस आलें. मूळ खेळांत राक्षसांना आपली चाहूल लागण्याचें एक ठराविक अंतर होतें, आणि तें जुन्या चौकटीच्या हिशेबानें ठरलेलें होतें. नव्या लांबट पडद्यावर खेळणारा त्या अंतराच्या बाहेरून राक्षसांवर बाण सोडी, आणि ते बिचारे प्रतिकार न करतां जागच्या जागीं मरत. शेवटीं चित्र एकोणिसास नऊ एवढ्यावर आवरून धरावें लागलें. जुनी चौकट काढून टाकली असें सर्वांना वाटत होतें. परंतु ती खेळाच्या नियमांत खोल शिरून बसलेली होती.

याउलट कांहीं खेळाडू आपण होऊन कमी पाहणें पसंत करतात. ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या खेळांत चारास तीन चौकटींत डावीकडून उजवीकडे ९० अंशांचें दृश्य दिसतें, सोळास नऊमध्यें सुमारें १०६ अंशांचें. असें असूनहि या खेळाचे कित्येक धंदेवाईक खेळाडू चारास तीनचें चित्र घेतात आणि तें रुंद पडद्यावर ताणतात. बाजूंचा शत्रु दिसेनासा होतो, पण समोरचा शत्रु जाडा दिसतो, आणि नेम धरावयास तो त्यांना सोयीचा वाटतो. येथें ताणलेलें चित्र ही चूक नव्हे, ती जाणून केलेली निवड आहे. आणि जाणून केलेल्या निवडीला कोणी दोष देऊं नये. दोष आहे तो नकळत होणाऱ्या विकृतीचा.

आज जुने खेळ जतन करण्याकडे पुष्कळांचें लक्ष आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जतन करणें म्हणजे आज्ञावलीची नक्कल कपाटांत ठेवणें, एवढाच अर्थ केला तर काम अर्धेंच होतें. त्या आज्ञा कोणत्या पडद्यावर, कोणत्या वेगानें, कोणत्या प्रमाणांत दिसावयाच्या होत्या, हेंहि त्यांच्याबरोबर नोंदलें पाहिजे. कारण तें ज्यांच्या हातांना व डोळ्यांना ठाऊक होतें, ती पिढी आतां पिकूं लागली आहे. कामहि फारसें अवघड नाहीं. ३२० बिंदूंची पांचपट केली तर १६०० होतात, आणि २०० ओळींची सहापट केली तर १२००. १६०० व १२०० यांचें प्रमाण बरोबर चारास तीन; एकहि ठिपका फुटत नाहीं, पुसट होत नाहीं. तेवढी उंची असलेल्या पडद्यावर जुना चंद्र जसाच्या तसा उगवतो. ज्ञान हवें तें इतकेंच, कीं रुंदीला पांच व उंचीला सहा कां. तें एकदां विसरलें गेलें कीं पुढील पिढी म्हणेल, त्या काळच्या चित्रकारांना साधें वर्तुळहि काढतां येत नव्हतें.

आणि आमच्या घरीं हीच वेळ येऊन ठेपली होती. मीं नातीला सांगितलें कीं, तुझे बाबा म्हणतात तें खरें आहे. चंद्र वाटोळाच होता, आपण तो ताणला. मग भाच्यानें खेळाच्या व्यवस्थेंतून चारास तीन ही चौकट शोधून काढली. चित्र दोन्ही बाजूंनीं आंत सरलें, आणि चंद्र वाटोळा झाला. तिनें क्षणभर तो पाहिला आणि लगेच दुसरी तक्रार केली : "पण आजोबा, दोन्ही बाजूंना हें काळें काळें रिकामें कां?"

भिंतीवर आमच्या आजोबांचें एक जुनें छायाचित्र आहे. मूळ चित्र लहान व उभट. चौकट मात्र मागाहून केलेली, मोठी. मीं तिला तें दाखविलें. चौकट मोठी म्हणून आम्हीं आजोबांना ताणलें नाहीं. भोंवतीं पांढऱ्या पुठ्ठ्याची रुंद किनार सोडली, आणि मधोमध ते जसे होते तसे बसले आहेत. ती किनार वायां गेली असें आजवर घरांत कोणाला वाटलेलें नाहीं. तिनें एकदां आजोबांकडे पाहिलें, एकदां पडद्याकडे पाहिलें, आणि बापाच्या हातांतून खेळाची कळ काढून घेतली. त्या रात्रीं जेवणाची हांक तिला तीनदां मारावी लागली.